बाहीतला कापूस

ताई : हलू नकोस म्हटलं ना! कात्री लागली तर उरलेला हातही जायचा.

धाकटा : अगं, कापू नको. उसव. काखेतल्या शिवणीपासून सुरुवात कर, चार टाके सुटले की बाही आपोआप निघते.

ताई : उसवत बसू? प्लास्टर बाहीतून बाहेर येत नाही, बोटं सुजून टम्म झालीत, आणि ह्याला टाक्यांची पडलीये! एक सदरा गेला तर काय आभाळ कोसळणारे? दुसरा शीव.

धाकटा : कुठल्या हाताने?

ताई : ...बरं, बोलू नकोस. वर कर जरा. केवढं जाड कापड हे! कात्री पुढे जात नाही. एवढ्या उकाड्यात असले सदरे घालून कसा बसतोस रे दुकानात?

धाकटा : ताई, थांब. इथून पुढचं मी काढतो. तू जा आत.

ताई : डाव्या हाताने काढणार? मोठा आलाय. गप बस, आलंच... अरे? हे काय? आतून काय निघतंय हे?

धाकटा : कापूस.

ताई : कापूस आहे हे मलाही दिसतंय. सदऱ्यात कापूस कशाला?

धाकटा : कोटाला घालतात तसा. खांद्याला आकार येतो.

ताई : खांद्याला घालतात, मान्य. दंडात कोण घालतं? आणि ही पाठीवर कसली चादर शिवलीयेस? कॅनव्हास? दुहेरी अस्तर? शी, शी, शी! घामाने कुजलाय सगळा. वास बघ, वास! ओल्या पोतेऱ्यासारखा. हे अंगावर घेऊन तू जेवायला माझ्या शेजारी बसायचास?

धाकटा : धुवायचो ना. वाळायला वेळ लागतो त्याला.

ताई : म्हणून स्वतःचे कपडे स्वतः धुतो म्हणायचास! आणि मी चार जणींना सांगत सुटले, आमचा धाकटा किती समजूतदार, आजारी माणूस पण बहिणीवर धुण्याचा भार टाकत नाही. ओढ हात बाहेर. ओढ.

धाकटा : ताई, बघू नको.

ताई : बघू नको काय, मी काय परकी... अगं बाई.

धाकटा : म्हटलं होतं बघू नको.

ताई : हा तुझा दंड?

धाकटा : हो.

ताई : हा दंड? माझ्या मनगटाएवढा? आणि हे गळ्याखाली खड्डे... पाणी ओतलं तर साठेल त्यांत. पाठ फिरव. फिरव म्हणते ना! अरे, बरगड्या मोजता येतायत रे तुझ्या. आणि पोट...

धाकटा : पोटात पाणी आहे. ते तुला माहितीच आहे.

ताई : एवढं नव्हतं माहीत.

धाकटा : काहीतरी बोल. तोंड फिरवून काय उभी राहिलीस?

ताई : मळमळतंय मला.

धाकटा : माहीत होतं मळमळणार. म्हणूनच शिवत होतो.

ताई : थांब, मला बसू दे. सरक तिकडे. ते चिंधं खाली टाक आधी, पलंगावर नको. शी! आणि मी आज त्या लिव्हरच्या डॉक्टरशी भांडले! भर बाह्यरुग्ण विभागात, लोकांसमोर!

धाकटा : ऐकलं मी पडद्यामागून.

ताई : ते म्हणाले, पेशंटच्या अंगावर मांस उरलेलं नाही, तुम्ही घरी खायला काय देता? मी म्हटलं, डोळे तपासून घ्या साहेब, माझा भाऊ खांद्याने चांगला भरलेला आहे. दर रविवारी काट्यावर उभा करते मी त्याला, दोन वर्षांत वजन एक किलोने हललेलं नाही! तो नुसता बघत राहिला माझ्याकडे. असा, चष्म्याच्या वरून. आणि तू पडद्यामागे मूग गिळून पडलेला. लाज नाही वाटली तुला? तिथल्या नर्ससुद्धा हसल्या असतील मला.

धाकटा : वजन हललं नाही ते पाण्यामुळे. मांस जातं, पाणी भरतं. काटा तोच राहतो.

ताई : म्हणजे दर रविवारी मी तुझं पाणी मोजत होते.

धाकटा : तसंच काहीसं.

ताई : आणि तू काट्यावर उभं राहून माझ्याकडे बघून हसायचास! मी म्हणायचे, बघ, टिकवलं की नाही वजन? तू म्हणायचास, तुझ्या हाताची कमाल आहे, ताई. खोटारड्या!

धाकटा : खूष व्हायचीस तू.

ताई : माझ्या खुशीला जाळायचंय? हाताचं तरी खरं सांग. स्टुलावरून पडलो म्हणालास.

धाकटा : पडलो नाही. कापडाचा तागा वरच्या फळीवरून काढत होतो. तोल गेला म्हणून कापायच्या टेबलावर हात टेकला. एवढंच. कट्‌कन आवाज झाला. मला वाटलं टेबलाचीच फळी तडकली.

ताई : नुसता हात टेकला आणि मनगट मोडलं?

धाकटा : हाडांचा डॉक्टर म्हणाला, असं मनगट सत्तरीच्या म्हातारीचं मोडतं. फोटोत हाड दाखवलं त्याने मला. जुनं धोतर धुऊन धुऊन विरतं ना, तसं विरलंय. लिव्हर बिघडलं की हाडंही जातात आणि मांसही जातं, म्हणाला. दोन्ही बरोबरच.

ताई : आणि मी कपाळकरंटी दोन वर्षं नुसतं लिव्हर सांभाळत बसले. तेल नको, तूप नको, डाळ नको, अंडं तर दाराच्या आत नको. संध्याकाळी सातच्या आत जेवण, म्हणजे लिव्हरला रात्रभर आराम. उकडलेला भोपळा, मऊ भात, पुन्हा उकडलेला भोपळा.

धाकटा : भोपळ्याचं नाव काढू नको. आताही घशाशी येतो.

ताई : मग बोलला का नाहीस?

धाकटा : तू एवढं मन लावून करायचीस.

ताई : मन लावून? अरे, मला त्या भोपळ्याची शिसारी आलीये, शिसारी! तो चिरताना आतल्या बिया हाताला बुळबुळीत लागतात, तेव्हा अंगावर काटा येतो माझ्या. तुझ्याबरोबर मीही तेच गिळत होते ना दोन वर्षं!

धाकटा : तू वेगळं खात असशील असं वाटायचं मला. मी दुकानात असताना.

ताई : तुझ्या पाठीमागे चमचमीत करून खाऊ? बरा ओळखतोस मला. ...डॉक्टर म्हणाले, मी हे आधीच सांगितलं होतं. कधी सांगितलं होतं?

धाकटा : मागच्या हिवाळ्यात.

ताई : काय सांगितलं होतं?

धाकटा : आता ऐकून काय करायचंय?

ताई : धाकट्या, माझं डोकं फिरायच्या आत सांग.

धाकटा : म्हणाले, भरपूर खा. डाळी खा, अंडी खा, दूध पी. मीठ तेवढं नको. आणि उपाशी राहू नको, मुख्य म्हणजे रात्री. झोपायच्या आधी पुन्हा काहीतरी खायचंच. धडधाकट माणसाचं लिव्हर दिवसाचं खाल्लेलं जरा साठवून ठेवतं, रात्री त्यावर भागतं. माझं साठवतच नाही. मग रात्रभर पोट रिकामं राहिलं की शरीर आपलंच मांस खायला घेतं.

ताई : आपलंच मांस?

धाकटा : हो. दंडाचं, मांडीचं. जिथून मिळेल तिथून.

ताई : शी! म्हणजे भिंतीच्या अलीकडे मी घोरत पडलेली, आणि पलीकडे तू स्वतःलाच खात पडलेला?

धाकटा : असं म्हटलं की वंगाळ वाटतं.

ताई : मग कसं म्हणू? गोड करून म्हणू? तुला हे माहीत होतं. मागच्या हिवाळ्यापासून माहीत होतं. आणि मी सातला ताट वाढून, भांडी घासून, ओटा पुसून मोकळी व्हायचे, तेव्हा तू मान खाली घालून हात धुवायचास. एका शब्दाने बोलला नाहीस. मरायचंय का तुला?

धाकटा : काय करतेयस? कुठे चाललीस?

ताई : डाळ लावते.

धाकटा : आत्ता? पाच तरी वाजलेत का?

ताई : तुझं घड्याळ खड्ड्यात गेलं! डाळ लावते म्हटलं ना. तू बोल तिथून, मला ऐकू येतं. का नाही सांगितलंस?

धाकटा : सांगून काय झालं असतं? तू म्हणाली असतीस, डॉक्टरला काय कळतं.

ताई : म्हटलं असतं. चार दिवस म्हटलं असतं. मग केलं असतं. खरं कारण सांग.

धाकटा : तेच खरं कारण.

ताई : तुझं खोटं मला कुकरच्या आवाजातही कळतं. लहानपणापासून कळतं.

धाकटा : मग दुसरंही कळायला हवं होतं.

ताई : कुठलं?

धाकटा : मी पीत नाही हे.

ताई : मी कधी म्हटलं तू पितोस?

धाकटा : म्हटलं नाहीस. हुंगलंस. रोज रात्री पांघरूण घालायच्या निमित्ताने येतेस आणि माझ्या तोंडापाशी वाकतेस. मी जागा असतो, ताई. डोळे मिटून पडलेला असतो. तुझा श्वास थांबतो, मग नाक ओढल्याचा आवाज येतो. दोन वर्षं. मला त्या क्षणाची किळस येते. तुझी येते.

ताई : मग लिव्हर कशाने गेलं तुझं?

धाकटा : कावीळ झाली होती मला तरुणपणी, आत राहिली होती, तिने लिव्हर खाल्लं. तीन डॉक्टरांनी तुझ्या तोंडावर सांगितलं. तू मान डोलावलीस आणि त्या रात्री पुन्हा हुंगायला आलीस.

ताई : बाबाही असंच म्हणायचे. कावीळ झालीये, कावीळ झालीये. आणि उशीखाली बाटली.

धाकटा : मी बाबा नाही.

ताई : पोट तेच आहे! मघाशी सदरा निघाला तेव्हा मला काय दिसलं माहितीये? तेच नगाऱ्यासारखं पोट आणि त्याला लावलेल्या काठ्या. अंघोळ कोण घालायचं त्यांना? मी. सतरा वर्षांची पोर मी. आई गेलेली, तू शाळेत. ते ओलं, पिवळं अंग पुसून पुसून माझ्या हातांना त्याचा वास लागला होता. साबणाने जायचा नाही.

धाकटा : म्हणून तर.

ताई : म्हणून तर काय?

धाकटा : म्हणून तर कापूस. पहिल्यांदा दंड बारीक झाला तेव्हा मी दुकानातल्या आरशात बघितलं आणि मला बाबा दिसले. म्हटलं, हे ताईने पुन्हा बघायचं नाही. शिलाई मशीन समोर होतं. दर महिन्याला थोडा थोडा भरत गेलो. गिऱ्हाईकं म्हणायची, मास्तर, तब्येत सुधारली तुमची. हसू यायचं मला, आणि शिसारीही यायची.

ताई : उपकारच केलेस म्हणायचे माझ्यावर. मग खाण्याचं का लपवलंस? कापसाचं समजलं. खाण्याचं नाही समजलं.

धाकटा : नको ना, ताई.

ताई : आता नको म्हणायची सोय नाही.

धाकटा : बाबांनाही तू हेच खायला घालायचीस. मऊ भात, उकडलेला भोपळा. डाळ नको, अंडं नको. संध्याकाळी सातनंतर काही नाही.

ताई : तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. पोटात जड गेलं तर विष डोक्यात चढेल म्हणाले होते. मी काय मनाने केलं?

धाकटा : तसंच सांगायचे तेव्हा. तुझी चूक नाही म्हणत मी. पण मी सांगितलं असतं की हे सगळं उलट आहे, तर तू पहिला प्रश्न काय विचारला असतास?

ताई : ...मग बाबांचं काय.

धाकटा : हं.

ताई : मग विचारते आता. बाबांचं काय? मी उपाशी मारलं त्यांना?

धाकटा : बाबा दारूने गेले.

ताई : मी विचारलं त्याचं उत्तर दे.

धाकटा : मला नाही माहीत, ताई. लवकर गेले असतील थोडे. नसतीलही. ते प्यायचे थांबले नव्हते, मग भोपळ्याने काय आणि अंड्याने काय.

ताई : रात्री हाका मारायचे. भूक लागलीये म्हणायचे.

धाकटा : आठवतंय. मी जागा असायचो.

ताई : तू तेव्हाही जागाच!

धाकटा : आणि तू स्वयंपाकघराची कडी लावून घ्यायचीस. तुझा चेहरा बघितलाय मी तेव्हाचा. बरं वाटायचं तुला.

ताई : हो, वाटायचं. मग? आईच्या पाठीत त्यांनी लाटणं मोडलं होतं. माझं लग्न मोडलं त्यांच्या तोंडच्या वासाने. त्यांना भूक लागलीये हे ऐकून मला बरं वाटायचं आणि ते मी कुणालाही सांगायला तयार आहे. जा, दवंडी पिट!

धाकटा : दवंडी नाही पिटायची मला. मला एवढंच कळत नव्हतं की माझं ताट वाढताना तुला काय वाटतं.

ताई : काय?

धाकटा : तोच भोपळा. तेच सात वाजता. तीच कडी. आणि वर ते हुंगणं. तू मला जगवायला वाढतेस की शिक्षा म्हणून, हे मला कळेना. आणि विचारायची हिंमत होईना. मग वाटलं, जे वाढतेय ते खावं. जे आहे ते आहे.

(कुकरची शिट्टी होते.)

ताई : जे आहे ते आहे! वा! एवढा मोठा घोडा झालास, गावभरच्या लोकांची मापं घेतोस, आणि सख्ख्या बहिणीला एक प्रश्न विचारायला तुझी जीभ झडते? माझ्याबद्दल तू असं मनात घेऊन रोज माझ्या हातचं जेवत होतास?

धाकटा : तू नव्हतीस का मनात घेऊन रोज माझं तोंड हुंगत?

ताई : होते! आणि तूही! शी, काय माणसं आहोत रे आपण! एका घरात राहतो, एका ओट्यावरचं खातो, आणि एकमेकांना चोरासारखं तपासतो. आपल्यापेक्षा ते लॉजमधले भाडेकरू बरे. निदान भाड्याचं तरी तोंडावर विचारतात.

धाकटा : गॅस बारीक कर. करपेल.

ताई : करपू दे. ऐक. एकदाच सांगते, पुन्हा विचारू नकोस. एखाद्या दिवशी तुझे डोळे पिवळे दिसायचे आणि मला वाटायचं, आज प्यालाय हा. त्या दिवशी तुझ्या ताटात भात वाढताना माझा हात आखडायचा. अर्धा डाव कमी पडायचा. समजलं? तेवढं खरं आहे. बाकी सगळं तुला जगवायला.

धाकटा : कळायचं मला. अर्ध्या डावाचं.

ताई : कळायचं?

धाकटा : माप कळतं गं मला. धंदाच तो आहे.

ताई : आणि तरी तसाच उठायचास ताटावरून.

धाकटा : हो.

ताई : थोबाडीत मारावीशी वाटते तुला. पण मारायची सोय ठेवली नाहीस, गाल मोडायचा. ...आज त्या डॉक्टरने पडद्यामागे काय सांगितलं तुला? ऑपरेशनचं काही बोलला का? लिव्हर बदलायचं म्हणत होते ते.

धाकटा : बोलले.

ताई : मग?

धाकटा : म्हणाले, अशा अंगाने टेबलावर घेता येत नाही. एवढं मोठं ऑपरेशन सोसायला अंगावर काहीतरी लागतं. तीन महिन्यांनी पुन्हा मांडी दाबून बघणार. तेव्हा मांस चढलेलं असेल तर पुढचं बोलू.

ताई : आणि नसेल तर?

धाकटा : तर नाही बोलणार.

ताई : हे तू मला येताना गाडीत सांगणार होतास, की तीन महिन्यांनी? की मांडीलाही कापूस बांधून जाणार होतास तिथे?

धाकटा : विचार आला होता मनात.

ताई : काय हसतोयस निर्लज्जा!

धाकटा : हसू नको तर काय करू? डॉक्टरने बोटाने मांडी दाबली तर बोट हाडाला लागलं. त्यानेच हात मागे घेतला. मला कळलं त्याच्या तोंडावरून. तुझ्या तोंडावर मघाशी होतं तेच. मला स्वतःला हात लावायची शिसारी येते, ताई. अंघोळीला साबण फिरवताना मी वर बघतो, नळाकडे. हे एवढं हाडाचं आणि पाण्याचं गाठोडं जगवायला रोज दळत बसायचं, गिळत बसायचं, खरंच सांग, कशाला?

ताई : ते मला नको विचारू. मला तुझा राग आलाय, किळस आलीये, माझी स्वतःची त्याहून जास्त आलीये, आणि वर डाळ करपलीये. उठून बस. उशी घे पाठीला. अशी नाही, उभी. थांब, मीच लावते. किती हलका झालायस रे... उचलून ठेवलं तरी चालेल.

धाकटा : हात लावू नको. घाण वाटेल.

ताई : वाटतेच आहे. म्हणून काय लावू नको? धर वाटी.

धाकटा : डाव्या हाताने येत नाही.

ताई : मग आ कर.

धाकटा : भरवू नको. मी काय दोन वर्षांचा आहे?

ताई : सांडून खा मग. मांडीवर सांडली तर पुसायला मीच आहे. चमचा असा धर. हं. कशी झालीये?

धाकटा : भिकार.

ताई : मीठ नाही घातलेलं. मिठाचं तरी माझं बरोबर होतं ना?

धाकटा : मीठ तेवढं बरोबर होतं. पण खालून लागलीये. करपट वास येतोय.

ताई : येणारच. दोन वर्षांचं भांडण एका शिट्टीत उरकलं, डाळीकडे कोण बघणार? शी म्हण, काय हवं ते म्हण, पण गिळ. उद्या अंडी आणते. मला त्याचा वास सहन होत नाही, नाकाला पदर लावून उकडेन. आणि रात्री झोपायच्या आधी पुन्हा वाढणार आहे. स्वयंपाकघराची कडी काढून टाकते, स्क्रू-ड्रायव्हर कुठे ठेवलायस?

धाकटा : मशीनच्या खणात.

ताई : आणि पांघरूण घालायला येणार नाही मी. गारठलास तर हाक मार.

धाकटा : ये. नुसती ये.

ताई : ...बरं. खाऊन झालं? तळाशी आहे ती करपलेली, ती राहू दे. दे वाटी इकडे, घासायला टाकते.

धाकटा : ताई.

ताई : आता काय?

धाकटा : कुकरमध्ये अजून आहे का?